जालमसिंग पेंटरची साक्ष

मला कविता आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी कौतुकापोटी सांगतोय असा कोणाचा समज व्हायला नको. चौतीस वर्षं मी नंदुरबार स्टेशनच्या तिकीट खिडकीत काढली. खिडकीपलीकडून माणूस गावाचं नाव सांगायचा, अलीकडून मी तिकीट सरकवायचो. त्यात कवितेला जागा नव्हती आणि माझी काही तक्रारही नव्हती. निवृत्त झालो तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीने मला सेक्रेटरी करून टाकलं. वेळेचा पक्का माणूस म्हणून साक्षीच्या वेळी घड्याळ बघायचं कामही माझ्याच गळ्यात आलं.

साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. रविवारच्या उपासनेत गाणी संपली की ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि आठवडाभरात देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं. कोणाचा गुडघा बरा झालेला असतो, कोणाच्या पोराला नोकरीचं पत्र आलेलं असतं, कोणाची हरवलेली म्हैस तीन दिवसांनी आपल्या पायांनी परत आलेली असते. प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की मी टेबलावर पेन ठोकतो. पाळकसाहेबांनाही मी सोडत नाही, मग बाकीच्यांची काय कथा.

जालमसिंग पाडवी दर रविवारी उभा राहायचा आणि दर रविवारी कविता वाचायचा. नाव ऐकून वाटावं की हा वाघाच्या जबड्यात हात घालणारा गडी असेल. प्रत्यक्षात भिंतीवर पाल दिसली तरी हा शिडीवरून खाली उतरायचा आणि पाल जाईपर्यंत वाट बघायचा. मोलगीकडच्या डोंगरातलं त्याचं गाव. तरुणपणी नंदुरबारला आला, इथेच बाप्तिस्मा घेतला, नाव मात्र बापाने ठेवलेलंच ठेवलं. बस स्टँडमागच्या गल्लीत त्याचं पेंटरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, एक बाकडं आणि रंगाचे डबे. फ्लेक्सच्या छपाईने पाट्यांचा धंदा खाल्ला, तेव्हापासून गाड्यांच्या नंबर प्लेटी, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार आणि ट्रॅक्टरच्या मागची फुलं यांच्यावर त्याचं घर चालतं. बायको आशा घरी ब्लाऊज शिवते. ती इथलीच, नंदुरबारची. त्याची बोली डोंगरातली, तिची गावातली. लग्नानंतर घरात अहिराणी चालू झाली, ती आजतागायत. सीमा ही त्यांची मुलगी यंदा कॉलेजला गेली.

असा हा माणूस. पण तो मनाने नेहमी दुसरीकडेच असायचा.

एकदा मी स्कूटरची प्लेट रंगवायला दिली होती. हिवाळ्याचे दिवस होते. त्या दिवसांत गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळत पडलेली असते, बघावं तिकडे लालच लाल, आणि वारा फिरला की अर्धं गाव शिंकत बसतं. संध्याकाळी मी दुकानावर गेलो तर जालमसिंगने प्लेटवर ‘एम एच ३९’ एवढं लिहिलेलं होतं आणि ब्रश हवेत धरून तो रस्त्याच्या टोकाकडे बघत होता. उन्हं कलली होती. हवेत मिरचीची बारीक धूळ होती आणि त्या धुळीत सगळी गल्ली जरा विरघळल्यासारखी दिसत होती, माणसं, गाड्या, समोरची चहाची टपरीसुद्धा. मी दहा मिनिटं उभा. त्याला पत्ताच नाही.

“जालमसिंग, मन्ही प्लेट कव्हय व्हई?” मी ओरडलो.

तो माझ्याकडे वळला, पण मी त्याला दिसलो असेन असं मला वाटत नाही. म्हणाला, “अजितबाबू, मिरचीवर सावली पडनी ते ती बी लाल पडस का हो?”

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी जाताना पथारीजवळ स्कूटर थांबवून मी बघितलं. सावली काळीच होती. तरी मी बराच वेळ तिथे उभा राहिलो, अंधार पडेपर्यंत, आणि घरी गेल्यावर बायकोला स्कूटर बंद पडली म्हणून सांगितलं.

त्याच्या कविता सगळीकडे असायच्या. रंगाच्या डब्यांच्या पुठ्ठ्यांवर, सॅंडपेपरच्या मागच्या बाजूला, आणि मोबाइल आल्यापासून मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला. कोणाचं बारसं, कोणाचं लग्न, कोणाचं दफन, प्रत्येकाला जालमसिंगची कविता ठरलेली. शेजारी फोटो फ्रेमचं दुकान चालवणारा तौहिद त्याचा पहिला श्रोता. तौहिद काच कापता कापता ऐकायचा आणि दर दोन ओळींनी मान हलवायचा. मंडळीत मात्र लोक गालातल्या गालात हसायचे. कविता सुरू झाली की मागच्या बाकावरची पोरं घड्याळाकडे नाही, माझ्या पेनाकडे बघायची.

सगळ्याच कविता वाईट होत्या असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. एक मला पाठ झाली आहे, आणि पाठ केली नसताना झाली आहे.

देव म्हणाला, सुटलास का कामावरून? ये, बस.
मी म्हणालो, देवा, हात रंगाने बरबटलेत.
तो म्हणाला, बस रे,
माझ्या हातालाही अजून भुसा आहे.

येशू सुतार होता, तो भुसा त्याचा. पण अशी एखादीच. बाकी सगळी मेंढरं, गुलाब, चांदणं आणि वाहते झरे. नंदुरबारात मार्चनंतर वाहता झरा कोणी बघितलाय? एका रविवारी उपासना संपल्यावर मी त्याला चर्चच्या पायरीवर गाठलं आणि तोंडावर सांगितलं, “जालमसिंग, तुन्ह्या कवितामा मेंढरं शेतस, गुलाब शेतस. तू त्यामा कोठेच नही. आपलं काहीतरी लिख ना भो.”

तो हसला. वाईट वाटून घेतलं नाही. चपला घालता घालता नुसतं “हं” म्हणाला.

पुढे जे झालं त्यात माझा वाटा एवढा आहे, आणि तो काही थोडा नाही.

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, सहा आठवडे होते. त्या रविवारी जालमसिंग उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात पुठ्ठा नव्हता, वहीचा साधा कागद होता. आवाजही रोजचा नव्हता. त्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला माझ्या लक्षात आलं की हा कशाबद्दल बोलतोय.

तुमच्या सगळ्यांच्या माणसांची नावं मी रंगवली, दर वर्षी, क्रुसांवर.
एक उंचवटा तेवढा राहिला, कोपऱ्यातल्या निंबाखाली.
तिथे माझी लेक निजली आहे, बिननावाची.
देवा, तुझ्या पुस्तकात
तिच्या ओळीत तू काय लिहिलंस?

हे समजायला थोडं मागे जायला हवं. आमच्याकडे रीत आहे की ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळी कुटुंबं कबरस्तानात जमतात, आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतात, आणि रविवारी पहाटे तिथेच उपासना होते. वर्षभराच्या उन्हापावसाने क्रुसांवरची नावं पुसट झालेली असतात. ती काळ्या रंगाने पुन्हा ठळक करायचं काम जालमसिंगचं. तो एक पैसा घेत नाही. पण त्याची स्वतःची एक कबर आहे, तिच्यावर क्रूस नाही की नाव नाही. नुसती दगडांची गोल रांग आहे.

सीमाच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. एकोणीस वर्षं झाली. जालमसिंग तेव्हा सुरतेकडे एका ठेकेदाराबरोबर पाट्या रंगवायला गेला होता, निरोप पोचायला वेळ लागला. मुलगी सकाळी जन्मली आणि संध्याकाळी गेली. तो पोचला तिसऱ्या दिवशी. तोवर मातीही झाली होती. त्या दफनाला आम्ही सहा जण होतो, त्यात मी एक. मोठ्या माणसांनी तेव्हा ठरवलं की बाप्तिस्मा झाला नाही, बारसं झालं नाही, आता हा विषय आशासमोर काढायचा नाही, म्हणजे ती लवकर सावरेल. जालमसिंगलाही तेच बजावलं. बजावणाऱ्यांत मीही होतो. आम्हाला वाटलं आपण शहाणपणाचं बोलतोय.

तर तो वाचत होता, आणि वरच्या ओळी म्हणजे नुसती सुरुवात होती. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मागच्या बाकावरची पोरं माझ्या पेनाकडे बघायचं विसरली. तीन मिनिटं होऊन गेली, चार झाली. मी पेन उचललं आणि ठोकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कविता संपली तेव्हा सगळीकडून “आमेन” आलं, इतकं मोठं की पाळकसाहेबांच्या प्रवचनालाही कधी आलं नव्हतं.

आणि त्याच वेळी आशा उठली. बाकांमधून वाट काढत सरळ दाराकडे गेली, चपला पायात सरकवल्या आणि उन्हात निघून गेली. जालमसिंग कागद हातात धरून तसाच उभा होता. लोक त्याच्याकडे बघायचे थांबले, दाराकडे बघायला लागले.

उपासनेनंतर तो माझ्याजवळ आला. “अजितबाबू, मी काय वाईट लिखं का?”

“वाईट नही लिखं,” मी म्हणालो. “पन घरनी गोष्ट सगळासमोर कसाले काढनी?”

लिही म्हणणाराही मीच, आणि कशाला काढलीस म्हणणाराही मीच. त्याने मला हे बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

त्यानंतर सकाळी सहाला ग्रुपवर काही येईना. पहिल्या दिवशी मला वाटलं नेट गेलं असेल. चौथ्या दिवशी मी सहाच्या आधीच उठून मोबाइल घेऊन ओट्यावर बसलेला होतो, आणि बायकोने विचारलं, कोणाची वाट बघताय? मी म्हटलं, कोणाची नाही. आता कविता न आवडणाऱ्या माणसाने याचं काय स्पष्टीकरण द्यायचं?

एक दिवस सीमा घरी आली. तिला आतापर्यंत सगळं कळलं होतं. “काका, घरमा कोणी बोलतच नही,” ती म्हणाली. “माय दिनभर मशीनवर बठी ऱ्हास. पप्पा लिखत बी नही, खात बी नही धड. तुम्ही काहीतरी करा ना.”

मी केलं, आणि पुन्हा चुकीचंच केलं. जालमसिंगला सांगितलं की ज्या जागी चूक झाली त्याच जागी ती कबूल कर. बिचाऱ्याने ऐकलं. पुढच्या रविवारी तो साक्षीला उभा राहिला आणि चर्चमध्ये बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाला, “मी घरची गोष्ट चारचौघांत मांडली. माझ्या पत्नीची मी माफी मागतो. पुन्हा मी कविता लिहिणार नाही.” अर्ध्या मिनिटात बसला. मंडळीत कोणी आमेन म्हटलं नाही. आशा फरशीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माफीचा मागमूसही नव्हता. उलट काहीतरी अजून घट्ट मिटल्यासारखं दिसलं.

संध्याकाळी तो मला दुकानावर भेटला. म्हणाला, घरी गेल्यावर आशा एकच वाक्य बोलली. “कसानी माफी मांगी, ते तरी तुमले माहीत शे का?”

“मंग कसानी?” मी विचारलं.

“तेच ते मले समजी नही ऱ्हायनं,” तो म्हणाला. समोर एक प्लेट अर्धी रंगवून पडली होती. या वेळी तो कुठे बघतही नव्हता. पूर्वी तो हरवायचा तेव्हा वाटायचं, कुठेतरी गेलाय, येईल. आता तो समोर बसला होता आणि कुठेच नव्हता. हे बघून मला भीती वाटली. एखादं घर असंच हळूहळू बंद होतं, भांडण न होता, भांडी न आपटता, हे मी बघितलेलं आहे.

ईस्टरआधीचा शनिवार आला. एप्रिलचं ऊन असं की कबरस्तानाची पलीकडची भिंत हलताना दिसत होती. पांढरे क्रूस, पांढऱ्या कबरी, बादल्यांतला पांढरा चुना, आणि त्या सगळ्यावर पांढरं ऊन. डोळे किलकिले करून बघितलं की कोण जिवंत आहे आणि कोण कबरीवरचा फोटो आहे ते क्षणभर कळेनासं होत होतं. बायका झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या. कोणीतरी हळू आवाजात गाणं म्हणत होतं, कुठून येत होतं ते दिसत नव्हतं. मी नावांची यादी घेऊन जालमसिंगच्या मागे मागे फिरत होतो. तो एकेका क्रुसापुढे मांडी घालून बसायचा, पुसट नाव बोटाने आधी चाचपायचा आणि मग रंग लावायचा. दर वर्षी तो प्रत्येक नावामागोमाग त्या माणसाची काहीतरी आठवण सांगायचा. यंदा तोंडातून शब्द नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही कोपऱ्यातल्या निंबाजवळ आलो. त्या दगडांच्या रांगेपाशी आशा बसली होती. दर वर्षी त्या दगडांना चुना तीच लावते. आधी लावून जाते, नवरा तिथे पोचायच्या आत. यंदा ती गेली नव्हती. चुना लावून झाला होता, हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते, आणि ती वाट बघत होती.

मी मागे फिरायला लागलो. ती म्हणाली, “थांबा बाबू. तुम्ही बी आयका. त्या टाईमले तुम्ही बी व्हतात.”

मी थांबलो. जालमसिंग उभाच राहिला.

“त्या रईवारले तुम्ही सगळासमोर सांगं,” ती त्याला म्हणाली, “त्यानं मले काहीच नही. सांगाले जोयजेच व्हतं. मले बरं वाटनं व्हतं, आपली पोरनं कोनी नाव काढं म्हनीसन. पन तुम्ही तिले बिननावनी म्हणनात.”

जालमसिंगने रंगाचा डबा खाली ठेवला.

“ती बिननावनी नव्हती. मी तिले नाव दिन्हं व्हतं. सकायपासून सांजलोंग मांडीवर लिसन बठनू, त्याच नावनी तिन्हासंगे बोलनू. ती डोळा उघडे. नाव लिधं का उघडे.” आशाने रांगेतला एक दगड हाताने सरळ केला. “तुम्ही तिसरा दिन पोचनात. मी वाट दखी, आते इचारतीन, मंग इचारतीन. एकोणीस वरीस व्हई गयात. तुम्ही कधी इचारंच नही.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. विचारू नकोस असं त्याला सांगणारे आम्हीच होतो. सहा शहाणी माणसं. त्याने आमचं ऐकलं आणि ही बाई एकोणीस वर्षं एका नावाची एकटी राखण करत बसली. आम्ही तिच्यासमोर विषय काढला नाही, आणि तिला वाटत राहिलं की विषय कोणाला काढायचाच नाही.

जालमसिंग तिच्यासमोर खाली बसला. गुडघ्यांवर, मातीत. त्याच्या खिशात लिहायची पेन्सिल असते, ती त्याने सवयीने काढली. “काय नाव शे?” त्याने विचारलं. एवढंच. हे तीन शब्द त्याने त्या तिसऱ्या दिवशी विचारले असते तर.

आशाने पेन्सिलीवर हात ठेवला. तिचा चुन्याचा हात, त्याचा रंगाचा.

“लिखू नका,” ती म्हणाली. “हाक मारा.”

मग पुढे वाकून तिने त्याच्या कानात नाव सांगितलं.

त्याने ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. मग पहिल्यांदा त्याने नाव घेतलं ते इतकं हळू की मला नीट कळलंही नाही. आशा म्हणाली, “जोरमा मारा. लेकरं असं हळू बलावाथीन येतस का?”

त्याने दुसऱ्यांदा हाक मारली. या वेळी मोठ्याने, गल्लीच्या टोकाला खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तशी. कबरस्तानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. झेंडू ओवणारे हात थांबले, ते गाणं थांबलं. नाव मला स्वच्छ ऐकू आलं. आमच्या भागात फार कोणी ठेवत नाही असं, साधं, गोड नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही. लिहू नका असं जिने सांगितलं, तिचं या एका बाबतीत तरी मी ऐकणार आहे. मी रडत होतो. लाज वाटली नाही.

त्याने तिसऱ्यांदा हाक मारली, आणि आशाने हळूच ओ दिली.